धागा : कोरलेली, कापलेली, डाग दिलेली जुनी नाणी – काम कुठलं, कधीचं, कसं ओळखायचं?

मोतीचौक (सातारा)

सातारच्या एका घरातल्या डब्यातली आठ नाणी समोर आहेत. टांकसाळीतून बाहेर पडल्यावर प्रत्येकावर कुणीतरी हात चालवलेला दिसतो. मोडीत घालायची की ठेवायची हे घरचे नंतर ठरवतील, त्याआधी नीट नोंद व्हायला हवी. वजनं ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर, व्यास डिजिटल कॅलिपरने. काहीही धुतलेलं-घासलेलं नाही.

१. व्हिक्टोरिया एम्प्रेस रुपया, १८८५. मागची बाजू पूर्ण सपाट करून त्यावर एकमेकांत गुंतवलेली तीन इंग्रजी अक्षरं आणि भोवती वेल. वरच्या कडेला डागाचा (कडी जोडायला वितळवून लावलेल्या धातूचा) ठिपका आहे, कडी नाही. १०.७१ ग्रॅम, ३०.४ मिमी.
२. पंचम जॉर्ज रुपया, १९१७. मागच्या बाजूला काठाच्या आतून केसाएवढी गोल रेघ. ९.४० ग्रॅम.
३. पाव आणा, १८८९, तांबं. राणीचं डोकं जाळीने कापून मोकळं केलंय, वर सोनेरी मुलामा. ३.८४ ग्रॅम.
४. सातवा एडवर्ड रुपया, १९०७. चेहऱ्याभोवती निळा-लाल रंग भरलेला, मागे पिन.
५. अमेरिकेचं बफेलो निकेल, १९३७. चेहऱ्याचा टोपीवाला, दाढीवाला माणूस केलाय. ४.४७ ग्रॅम, २१.२ मिमी.
६. शिवराई, ९.१२ ग्रॅम. अक्षरं फारच ठसठशीत.
७. ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’, एका बाजूला राम-सीता-लक्ष्मण-हनुमान.
८. पुतळी, कडीसकट ३.३८ ग्रॅम.

काम जुनं की अलीकडचं, हाताचं की मशीनचं, हे कशावरून ठरवायचं?

दातेरीकड (सांगली)

धुतलं नाहीत हे फार बरं केलंत. निम्मा पुरावा मळात असतो.

खरं नाणं आणि नवं काम, खोटं नाणं आणि जुनं काम, अशा सगळ्या जोड्या बाजारात सापडतात. म्हणून सुरुवात क्रमापासून करा : आधी झीज आणि मग काम, की आधी काम आणि मग झीज? दहापट भिंग घ्या, दिवा एकाच बाजूने, नाण्याच्या पातळीपासून १०-१५ अंशांवर ठेवा. एकदा बघून झालं की नाणं पाव फेरा फिरवा, असं चारदा. वरून पडणाऱ्या उजेडात कोरीव रेघ खोल आहे की नुसती काळी आहे हे कळतच नाही.

पहिल्या रुपयाचा हिशेब वजनापासून मांडू. त्या काळचा रुपया ११.६६ ग्रॅम, ९१.७ टक्के चांदी, व्यास साधारण साडेतीस मिमी. एका बाजूचं क्षेत्रफळ ७३० चौरस मिमीच्या आसपास. त्यावरून ०.१ मिमी थर काढला की ७३ घन मिमी चांदी जाते, म्हणजे पाऊण ग्रॅम. वापरातला रुपया ११.५ च्या आसपास भरतो, तुमचा १०.७१ आहे. म्हणजे एक बाजू घासून सपाट केली एवढ्यानं फरक जुळतो. हाच रुपया ९.८ भरला असता तर दोन्ही बाजू तपासा असं म्हटलं असतं.

आता रेघा. हाताच्या कलमाने मारलेली रेघ व्ही आकाराची असते. सुरुवातीला बारीक, मध्ये जाड, शेवटी पुन्हा निमुळती. वळणावर एक भिंत उभी आणि दुसरी कललेली दिसते, कारण कारागीर कलम कलवून चालवतो. म्हणूनच पानाफुलांवर उजेड चमकून उठतो. वेलीच्या कडेला नागमोडी दाते असतील तर ते सपाट कलम डावी-उजवीकडे डोलवत पुढे नेलेलं काम, तेही हाताचंच. हातमोटरला बारीक कटर लावून केलेल्या रेघेचा तळ गोल असतो आणि रेघेला आडव्या लाटा पडतात. लेझरचा तळ खड्ड्याखड्ड्यांच्या ओळींचा, खोली सगळीकडे तीच, काठावर वितळलेल्या धातूचे मणी. सीएनसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कोरणी यंत्राचा, तळ सपाट आणि रेघेची रुंदी शेवटपर्यंत एकसारखी.

आणखी एक प्रकार विसरला जातो, तो पंचने ठोकलेल्या अक्षरांचा. त्यात धातू कापला जात नाही, बाजूला सरकतो. त्यामुळे अक्षराभोवती बारीक उंचवटा उठतो आणि उलट बाजूला नेमक्या त्याच जागी सपाटी येते. वजन मात्र घटत नाही.

वयासाठी रेघेचे खांदे बघा. जुन्या कामात खांदे गोलावलेले आणि उजळ, तळात मळ घट्ट बसलेला. नव्या कामात खांदे धारदार. बोटाचं टोक हलकं फिरवलं तर चुरचुरतं, आणि काळेपणा खांद्यापासून तळापर्यंत एकसारखा. गंधकाच्या पाण्याने तासाभरात आणलेला काळेपणा असाच असतो.

कृष्णाकाठ (मिरज)

दातेरीकड दादांनी रेघांचं सांगितलं, मी डागाचं सांगतो. पहिल्या नाण्याचा क्रम तिथेच मिळेल.

डाग दोन जातींचा. कथिलाचा मऊ डाग करडा, निस्तेज असतो आणि सुईचं टोक त्यात रुततं. चांदीची झाळ पांढुरकी किंवा किंचित पिवळसर असते, तिच्यात सुई रुतत नाही. झाळ द्यायला नाणं ७०० अंशांच्या आसपास तापवावं लागतं. त्या आचेत चांदीतलं तांबं पृष्ठभागाखाली जळतं आणि डागाभोवती करडी-जांभळी झाक उरते. उजळा दिला तरी ती पूर्ण जात नाही. मऊ डागाला २०० अंशांच्या आसपासची आच पुरते, त्यामुळे झाक येत नाही.

मोतीचौक, तीन गोष्टी बघून सांगा. एक, झाक आहे का? दोन, असेल तर वेलीच्या रेघा ती झाक कापून जातात की झाक रेघांच्या तळातही आहे? रेघेचा तळ स्वच्छ चांदीचा आणि दोन्ही बाजूंना झाक असेल, तर कडी आधी लागली, कोरीवकाम नंतर झालं. झाक तळातही उतरली असेल किंवा झाळ रेघेत वाहिली असेल तर काम आधीचं. तीन, डागाचा ठिपका राणीच्या डोक्याच्या बरोबर वर येतो की अक्षरांच्या? कडी ज्या बाजूसाठी सरळ, ती बाजू मिरवायची होती.

डाग काढून बघायचा मोह टाळा. कडी पडली तरी डाग हा त्या वस्तूचा भाग आहे.

मोतीचौक (सातारा)

कृष्णाकाठ काका, बघितलं. झाक आहे, डागापासून साधारण ८ मिमीपर्यंत पसरलेली. वेलीच्या तीन पानांच्या रेघांत झाळ वाहिलेली स्पष्ट दिसते, त्या तिथे बुजल्यात. ठिपका अक्षरांच्या बरोबर वर आहे, राणीचं डोकं त्या हिशेबाने डावीकडे कललेलं येतं. रेघा व्ही आकाराच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. खांदे गोल. राणीच्या बाजूला गालाचं हाड आणि मुकुटावरची नक्षी बरीच झिजलीय, पण नावाची अक्षरं शाबूत.

दातेरीकड (सांगली)

मग क्रम लागला. आधी कोरीवकाम, मग कडी, मग ते अंगावर वागवलं गेलं. राणीच्या गालाची झीज मात्र दोन कारणांनी होऊ शकते : चलनातली किंवा अंगाला घासून झालेली. चलनातली झीज दोन्ही बाजूंना आणि दातेरी कडेलाही असते. लटकवलेल्या नाण्याची एकच बाजू जास्त झिजते, कडेचे दाते बहुतेक तीक्ष्ण राहतात आणि कडीशेजारचे दाते मात्र घासलेले असतात. तेवढं बघून नोंदीत लिहा.

सपाट केलेल्या जागेवरही एक नजर टाका. समांतर ओरखडे असतील तर कानस आणि घासणी, एककेंद्री वर्तुळं असतील तर लेथ. ओरखडे कोरीव रेघेच्या काठाशी येऊन थांबत असतील तर घासणं आधीचं. रेघेवरून आरपार जात असतील तर नंतर कुणीतरी ‘चकाचक’ केलंय.

हरभटरोड (सांगली)

धातूची खात्री करायची सोपी रीत लिहितो, कसोटीच्या दगडापर्यंत जावंच लागणार नाही.

काचेचा छोटा पेला पाण्याने पाऊण भरून काट्यावर ठेवा आणि काटा शून्य करा. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे नाण्याला बुडबुडे चिकटत नाहीत. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडवा, तळाला-काठाला लागू देऊ नका. काट्यावर येणारा आकडा म्हणजे सरलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्याने भागा.

९१.७ टक्क्यांच्या रुपयाला उत्तर १०.३ च्या आसपास येतं. १९४० पासूनच्या ५० टक्के चांदीच्या रुपयाला ९.५. जर्मन सिल्व्हरची नक्कल ८.७ च्या आसपास. ११.६६ ग्रॅमच्या चांगल्या रुपयाने १.१३ ग्रॅम पाणी सारलं पाहिजे. ०.०१ चा काटा असेल तर उत्तरात ०.०९ एवढा इकडेतिकडे फरक येणारच, म्हणून १०.३ आणि ९.५ वेगळे कळतात, पण ९२ आणि ९५ टक्के वेगळे कळत नाहीत.

क्रमांक ४ वर ही रीत चालणार नाही, रंग आणि पिन दोन्ही आडवे येतात. क्रमांक २ पाण्यात घालूच नका.

तरीही शंका उरली तर कडेवर कसोटीचा एक हलका ओरखडा काढून आम्ल लावता येतं, एवढ्याने काही बिघडत नाही.

दातेरीकड (सांगली)

हरभटरोड दादा, शेवटच्या वाक्याला माझा विरोध आहे. आम्ल दगडावर लावतात हे खरं, पण कडेवर घासलेले दोन दाते परत येत नाहीत, आणि कडेची झीज हाच तर आपला पुरावा. त्यापेक्षा हॉलमार्किंग केंद्रातलं एक्सआरएफ (एक्स-किरणांनी धातू ओळखणारं) मशीन बरं. ते फक्त वरचा काही मायक्रॉनचा थर वाचतं, म्हणून एका जागेवर समाधान मानू नका. मोकळी जागा, रेघेचा तळ आणि डाग अशा तीन जागी घ्यायला सांगा. डागावर जस्त किंवा कथिल जास्त निघेल, त्यावरून डागाची जातही पक्की होते. मुलामा असेल तर मशीन मुलामाच वाचेल, हे लक्षात असू द्या.

हरभटरोड (सांगली)

मान्य. आठांपैकी एकालाही दगड लावू नका.

कृष्णाकाठ (मिरज)

क्रमांक २ डबी आहे. ९.४० वजन, काठाच्या आत गोल रेघ, दुसरं काही संभवत नाही. अशी डबी करताना बहुतेक दोन रुपये खर्ची पडतात : एकाचं पोट लेथवर पोखरून बूड, दुसऱ्याचा चेहरा पातळ कापून झाकण. त्यामुळे दोन बाजूंची झीज जुळत नाही. एक बाजू ताजी आणि दुसरी गुळगुळीत दिसली तर तो आणखी एक पुरावा. बोटाच्या टोकावर तोलून टिचकी मारली तर आवाज मेलेला येईल. पण नुसत्या आवाजावर जाऊ नका. चीर गेलेला किंवा डाग दिलेला भरीव रुपयाही मुका होतो.

उघडायला चाकू, स्क्रूड्रायव्हर काही लावू नका. एकदा काठ उचकटला की झाकण पुन्हा बसत नाही. सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे घ्या, एक खाली एक वर, तळव्याने सपाट दाबून झाकण डावीकडे फिरवा. नाही हललं तर दिशा बदलून बघा. तरी नाही, तर हातात धरून पाच-सात मिनिटं ऊब द्या आणि पुन्हा प्रयत्न करा. शिवणयंत्राचं तेल बऱ्याच ठिकाणी सुचवलं जातं. आत कागद किंवा फोटो असेल तर तेलाने तो कायमचा जाईल, म्हणून तेल सगळ्यात शेवटी, आणि तेही घरच्यांना विचारून.

काही डब्यांना आटे नसतात, नुसतं दाबून बसवलेलं झाकण असतं. तिथे रेघेत एका जागी नखाएवढी खाच असते. ती आधी शोधा.

एकाच चेहऱ्याच्या दोन बाजू असलेलं, नजरबंदीच्या खेळातलं नाणंही असंच बनतं. एकाचं पोट कोरून दुसऱ्याची चकती आत बसवतात. सांधा नेहमी काठाच्या आतल्या कोनात लपवलेला असतो.

मीनाकाम (सांगली)

क्रमांक ३ आणि ४ बद्दल.

जाळीकाम : हाताने करताना आधी बारीक भोकं पाडतात, त्यातून जाळीच्या करवतीचं पातं ओवून बाह्यरेषेने कापत जातात आणि शेवटी सुईकानस फिरवतात. म्हणून कापाच्या भिंतीवर बारीक, असमान, जराशा तिरक्या रेघा मिळतात, कुठेतरी पातं घसरल्याची खूण असते आणि कोपऱ्यात भोकाचा अर्धगोल उरलेला दिसतो. लेझरच्या कापात भिंतीवर अगदी एकसारख्या उभ्या रेघा, खालच्या काठाला वितळलेली कड. वायर कटचा (विजेच्या ठिणग्यांनी तारेने कापणाऱ्या मशीनचा) काप सगळीकडे धुरकट, रवाळ, पात्याची खूणच नाही.

मुलामा भिंतीच्या आत उतरला आहे का ते बघा. आत उतरला असेल तर काप आधी. भिंत उघडी तांब्याची असेल तर मुलामा दिलेलं नाणं नंतर कापलं. केसांवर, नाकावर मुलामा झिजून तांबं दिसतंय आणि खोलगट जागी टिकलाय, हे वापराचं लक्षण. तसंच मुलामा दिलेल्या कुठल्याही जुन्या वस्तूला घरी आच देऊ नका. जुना मुलामा पाऱ्याचा असू शकतो आणि त्याची वाफ विषारी असते.

वजनाचं म्हणाल तर १८८९ चा पाव आणा ६.४७ ग्रॅमचा. साधारण ४० टक्के धातू गेलाय. एवढ्या जाळीला ते पटतं.

एडवर्डचा रुपया : रंग काचेचा मीना आहे की राळेचा, एवढाच प्रश्न. काचमीना ७०० अंशांच्या वर भाजतात. सुई त्यावरून घसरते, टवका उडाला तर शिंपल्यासारखा गोलसर उडतो, आणि भिंगातून खोलवर अडकलेले बारीक बुडबुडे दिसतात. राळेत सुई रुतते, काठाशी रंग धातूवर ओघळलेला असतो. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली राळ बहुधा निळसर-पांढरी चमकते. काही काचाही चमकतात, म्हणून सुई आणि टॉर्च दोन्ही जुळल्याशिवाय निकाल देऊ नका. असिटोनचा कापूस लावायचाच तर उडालेल्या टवक्याच्या कडेला, मोहरीएवढ्या जागेत.

खऱ्या मीन्यासाठी आधी मोकळी जागा कलमाने खाली उतरवतात, कारण रंगाला बसायला खोलगट घर लागतं. रंग आणि धातू एका पातळीत असतील तर घर कोरलेलं आहे. रंग धातूच्या वर फुगून उभा असेल तर बहुतेक नुसता वर भरलेला आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अशी मीना केलेली नाणी ब्रोच म्हणून मोठ्या प्रमाणात बनत. भारतीय रुपयेही त्या पद्धतीने केलेले मिळतात. पिनेचा डाग मऊ असेल तर नवल नाही, मीना झाल्यावर मोठी आच देता येत नाही.

मोतीचौक (सातारा)

ताई, चारवर सुई घसरते. उजवीकडे काठाशी एक टवका गेलाय, शिंपल्यासारखाच. रंग आणि मुकुटाविना असलेलं डोकं एका पातळीत. तीनमध्ये हनुवटीखाली भोकाचा अर्धगोल आहे आणि भिंतीच्या आत मुलामा दिसतो.

पाचवर चुंबक लावला, नाणं चिकटलं.

दातेरीकड (सांगली)

चिकटलं म्हणजे पाचचा निकाल लागला. बफेलो निकेल १९१३ ते १९३८ या काळातलं, ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेल, ५.०० ग्रॅम, २१.२ मिमी. नावात निकेल असलं तरी हा मिश्रधातू चुंबकाला चिकटत नाही. आता वजन बघा : हेच माप पोलादात केलं तर ४.४ ग्रॅमच्या आसपास भरेल. तुमचं ४.४७. म्हणजे वर निकेलचा मुलामा दिलेली पोलादी नक्कल.

चुंबक हाताशी नसता तरी वजनानेच शंका आली असती. अमेरिकेतले भटके मजूर या नाण्यावरच्या इंडियन माणसाच्या चेहऱ्याचा टोपीवाला, दाढीवाला करत, त्याला होबो निकेल म्हणतात. ही कामं संग्राहक आज मोठ्या किमतीला घेतात, म्हणून नकलाही ढिगाने निघतात. खऱ्या कामात मूळ उठावापेक्षा उंच काहीच करता येत नाही, कारण धातू काढता येतो, घालता येत नाही. टोपीची कड मूळ केसांच्या उंचीत बसलीच पाहिजे. एका बाजूची मोकळी जागा ०.०५ मिमी खाली नेली तर साधारण ०.१६ ग्रॅम घटतात. अर्धा ग्रॅम घटायला जेवढं खोदावं लागेल तेवढा त्या नाण्यात उठावच नाही. शिवाय ठोकलेल्या नकलेत टोपीच्या रेघांना कलमाचे खांदे नसतात, सगळ्या रेघा साच्यातून आल्यासारख्या बोथट असतात.

माणदेशी (विटा)

शिवराईबद्दल विचारतो. ९.१२ ग्रॅम हे शिवराईच्या वजनात बसतं, तांबं जुनं दिसतं, कडा जुन्या. मग अक्षरं ठसठशीत असली तर चांगली राहिलीय असंच म्हणायचं ना?

दातेरीकड (सांगली)

दादा, हाच सापळा आहे. मूळ चकती खरी असते, म्हणून वजन, तांबं, कड सगळं बरोबर येतं. झिजलेली उत्तरकालीन शिवराई घेतात आणि ‘श्री राजा शिव’ – ‘छत्र पति’ची अक्षरं कलमाने उकरून वर काढतात. वजनाने हे कधीच पकडता येत नाही. पकडायचं ते अक्षराच्या पायथ्याशी.

ठशातून आलेल्या अक्षराची भिंत उतरती असते आणि पायथा मोकळ्या जागेत मिसळतो. उकरलेल्या अक्षराची भिंत उभी असते. तिरक्या उजेडात अक्षराभोवती खंदक दिसतो, कारण कारागिराने अक्षर उंच दिसावं म्हणून भोवतालचं तांबं खाली नेलेलं असतं. त्या खंदकाचा तळ आणि त्यापुढची मोकळी जागा यांचा रंग आणि खरवड तुलना करा. मोकळ्या जागेत गंजाचे खड्डे आणि खंदकात गुळगुळीत तांबं, असं असेल तर प्रश्न मिटला.

दुसरी खूण झिजेच्या हिशेबाची. झीज सगळ्यात उंच भागावर आधी होते. अक्षरं टवटवीत आणि बिंदूंची कड व ओळींमधल्या आडव्या रेघा जवळपास नाहीशा, हे नैसर्गिक झिजेत घडत नाही. दोन समांतर रेघांची ‘दुदांडी’ शिवराई म्हणून विकलेल्या नाण्यात दुसरी रेघ भिंगाखाली बघा. ती पहिलीपेक्षा जास्त तीक्ष्ण आणि व्ही आकाराच्या तळाची निघाली तर नंतर ओढलेली आहे.

तिसरी, अक्षराचं वळण. कोरणारा झिजलेल्या खुणा आजच्या छापील अक्षरासारख्या ‘वाचतो’. खऱ्या शिवराईवरच्या अक्षराचं वळण त्या काळच्या हाताचं असतं. साताऱ्यातल्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात किंवा खात्रीच्या संग्रहात अस्सल अक्षर डोळे भरून बघितलेलं असलं की हा फरक लगेच खटकतो.

एक सावधगिरी : छिन्नीचे छोटे घाव किंवा फूल-चांदणीसारखे बारीक ठसे दिसले की लगेच ‘छेडछाड’ लिहू नका. सराफ नाणं पारखताना असे ठसे मारत, विशेषतः हातघडणीच्या चांदीच्या रुपयांवर. ते चलनाच्या इतिहासाचा भाग आहेत.

१९३८ च्या रुपयाचा आकडा खरवडून १९३९ केलेलं नाणंही याच रीतीने कळतं. चांदीचा १९३९ चा रुपया दुर्मीळ, म्हणून ८ च्या खालच्या गोलाची डावी बाजू काढून ९ करतात. तिथे मोकळ्या जागेला तिरक्या उजेडात खळगा दिसतो.

हरभटरोड (सांगली)

सातवर वेळ घालवू नका. कंपनीने १८१८ साली राम दरबाराचं नाणं कधी पाडलंच नाही. हनुमान, कमळ, गणपती अशा चित्रांची ‘१८१८’ नाणी नंतर विकण्यासाठी बनवलेली आहेत. त्यावर कुणी बदल केलेला नाही, मुळातच ते नाणं नाही. नोंदीत ‘टोकन’ लिहा.

आणि कुणी हेच ‘तांदूळ ओढणारं नाणं’ आहे म्हणून लाखाची बोली लावत आलं तर दार लावून घ्या आणि पोलीस ठाण्यात कळवा. आत बसवलेला चुंबक आणि लोखंडाची पूड लावलेले तांदूळ, एवढंच त्यात असतं. या राईस पुलरच्या नावाखाली लोक आयुष्याची पुंजी घालवून बसतात.

कृष्णाकाठ (मिरज)

पुतळी. मूळ व्हेनिसचा डुकाट साधारण ३.५ ग्रॅम, जवळजवळ शुद्ध सोनं, २०-२१ मिमी. एका बाजूला संतापुढे गुडघे टेकलेला डोज (व्हेनिसचा प्रमुख), दुसऱ्या बाजूला ठिपक्यांच्या लंबगोलात उभा येशू. आपल्याकडे याच्या पुष्कळ नकला झाल्या. त्यात लॅटिन अक्षरांची नुसत्या काड्या-टिंबांची ओळ होते आणि माणसं काठीसारखी बारीक. माळेसाठी पातळ पत्र्यावर ठसवलेल्या पुतळ्या वजनाला हलक्या. तुमची कडीसकट ३.३८, म्हणजे कडी वजा करता तीन-सव्वातीन. पत्र्याची नाही, पण अस्सल डुकाट म्हणायला अक्षरं वाचून दाखवावी लागतील.

हरभटरोड दादांची पाण्याची रीत इथे ०.०१ च्या काट्यावर फसते. ३.४ ग्रॅम सोनं जेमतेम ०.१८ ते ०.१९ ग्रॅम पाणी सारतं. काट्याच्या एका आकड्याने शुद्ध सोनं बावीस कॅरेट ठरेल. ०.००१ चा काटा हवा, नाहीतर एक्सआरएफ.

आणखी एक बघा : डोक्याच्या वर, कडीच्या खाली बुजवलेलं भोक. आधी ओवलेली पुतळी नंतर भोक बुजवून कडीवर घेतात. बुजवलेल्या जागी गोल रेघ, किंचित वेगळी छटा आणि ठिपके कलमाने पुन्हा काढलेले असतात.

मोतीचौक (सातारा)

भोक नाही. अक्षरांच्या जागी काड्या-टिंबं आहेत, म्हणजे इकडची नक्कल. डबी ट्यूबने उघडली, उजवीकडे फिरवल्यावर. आत काही नव्हतं, आटे नऊ फेऱ्यांचे आहेत. शिवराईवर खंदक आहे आणि त्याचा तळ गुळगुळीत.

आता कायद्याचं आणि नोंदीचं सांगा.

दातेरीकड (सांगली)

कायदा थोडक्यात. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं, परदेशी पाठवता येत नाही. ते नाणं कोरलेलं असलं तरीही. जमिनीत पुरलेलं सापडलं असतं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागलं असतं. घरच्या डब्यातल्या वस्तूंना ते लागू नाही. चालू चलनातली नाणी वितळवणं किंवा नष्ट करणं २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे. म्हणून कलमाच्या रेघा स्वतः मारून भिंगाखाली तुलना करायची असेल तर तांब्याचा पत्रा घ्या, किंवा चलनातून बाद झालेला ब्राँझचा एक नया पैसा.

नोंद अशी लिहा, पहिल्या नाण्याची नमुन्यादाखल :

‘ब्रिटिश भारत, व्हिक्टोरिया एम्प्रेस, एक रुपया, १८८५, चांदी. १०.७१ ग्रॅम, ३०.४ मिमी. मागची बाजू घासून सपाट. हातकलमाने तीन गुंफलेली रोमन अक्षरं आणि वेल. १२ वाजताच्या जागी कडीचा चांदीचा डाग, कडी नाही, डाग तीन पानांच्या रेघांत वाहिलेला. क्रम : कोरीवकाम, कडी, वापर. चेहऱ्याच्या बाजूला झीज. स्वच्छता केलेली नाही.’

सोबत चार बाजूंच्या उजेडातले चार फोटो आणि कडेचा एक.

मीनाकाम (सांगली)

या नोंदीत कुणी ‘प्रेमाची भेट’ वगैरे घालू नये, एवढं वाटतं. अक्षरं कुणाची ते घरच्यांच्या कागदपत्रांतून कळलं तर वेगळ्या ओळीत, आधारासकट लिहा. आणि ठेवताना मऊ पीव्हीसीची पाकिटं वापरू नका, वर्षा-दोन वर्षांत चिकट हिरवा थर येतो. आम्लरहित कागदाची पाकिटं किंवा मायलर (पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं). जाळीचं नाणं सपाट डबीत, कापसावर नको, कापसाचे धागे काठांत अडकून राणीची हनुवटी वाकते.

मोतीचौक (सातारा)

ताई, दादा, काका, आठही नोंदी याच पद्धतीने करून फोटोंसह इथेच टाकतो. घरच्यांना सांगितलंय, पहिली चार मोडीत जाणार नाहीत.